आठ मेंढ्यांचा फरक

बुधवारी सकाळी साडेसात वाजता गुरुसिद्धप्पांच्या वाघरीतून, म्हणजे जाळ्याच्या कोंडवाड्यातून, एकशे पंच्याहत्तर मेंढ्या बाहेर पडल्या. त्याच दिवशी सूर्य मावळताना त्याच वाघरीत एकशे सदुसष्ट मेंढ्या आत आल्या. मधल्या वेळात एकही मेंढी मेली नाही, विकली गेली नाही, हरवली नाही.

सकाळची मोजणी सरकारी होती, संध्याकाळची घरची.

गुरुवारी सकाळी बोरी नदीकाठच्या माळावर, वाघरीच्या जाळ्यापासून दहा पावलांवर, घरातली सगळी माणसे जमली होती. मेंढ्या अजून आतच होत्या आणि चरायला सोडायची वेळ टळून गेल्याचे त्या एकसुरात सांगत होत्या. बलभीमने दगडावर बसून चिलीम भरायला घेतली आणि न पेटवताच खाली ठेवली. तो थोरला मुलगा होता. नळदुर्गला जाणे, तलाठ्याला भेटणे, व्यापाऱ्याशी घासाघीस करणे ही कामे पाच वर्षांपासून त्याच्याकडे होती. म्हणून या आठ मेंढ्याही आपल्याच अंगावर येणार, हे त्याला ठाऊक होते.

माघात मेंढ्यांवर देवीची साथ आली तेव्हा जिल्ह्यातले मेंढरांचे सगळे बाजार सरकारने बंद केले. गुरुसिद्धप्पांच्या खांडाला, म्हणजे सगळ्या कळपाला, टोचून घेतले होते, त्यामुळे साथ या माळापर्यंत पोचली नाही. बाजारबंदी मात्र पोचली. मेंढी विकता येईना, लोकर उचलायला सोलापूरचा व्यापारी येईना. त्या वर्षी सरकारने प्रथमच मदत जाहीर केली. बाजार उघडेपर्यंत मेंढीमागे चार रुपये आणि पेंड मिळायची होती. मदत मोजलेल्या मेंढ्यांवर होती. अर्जातला आकडा फक्त पडताळ्यासाठी होता. कारण शेजाऱ्याच्या मेंढ्या उसन्या आणून मोजणीला उभ्या करायची युक्ती परगण्यात लवकरच पसरली. जनावरांचे डॉक्टर वसंतराव यांनी त्याच आठवड्यात अशी दोन खांडे पकडून त्यांचे अर्ज बाद केले होते.

गुरुसिद्धप्पांनी अर्जावर अंगठा उठवला तेव्हा आकडा एकशे सदुसष्ट सांगितला होता.

काल मोजणी संपल्यावर डॉक्टर एवढेच म्हणाले होते, "आठ जास्त आहेत. उद्या दहा वाजता येतो. कुठून आल्या ते लिहून द्या. नाही सांगता आलं, तर अर्ज बाद."

अर्ज बाद झाला तर पुढे काय, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. अठरा रुपयांची मेंढी खाटकाचा माणूस सहा रुपयांना मागत होता, आणि पेंडीवाचून वैशाख काढायचा तर निम्म्या मेंढ्या त्याला द्याव्या लागणार होत्या.

"मी सांगतो तसं लिहून देऊ," बलभीम म्हणाला. "आठ मेंढरं सोयऱ्याची होती, चुकून आमच्यात मिसळली, माफी असावी. तलाठी म्हनला, कबूल केलं तर बाकीच्यांवर मदत मिळंल."

"कुठल्या सोयऱ्याची?" धाकटा धोंडप्पा उभाच होता.

"आता ते म्याच सांगायचं व्हय? काल खांड कुठं चारलं तू?"

"नदीपल्याड."

"नदीपल्याड कुनाची वस्ती हाय?"

धोंडप्पाने वाघरीच्या तोंडाकडे पाहिले. नदीपल्याड त्याच्या सासऱ्यांची वस्ती होती. वाघरीच्या तोंडाशी डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली त्याची बायको इरम्मा त्याच वस्तीतून सात वर्षांपूर्वी या घरात आली होती.

बलभीमच्या तर्कात उणे काही नव्हते. सकाळी आठ जास्त. दिवसभर खांड इरम्माच्या बापाच्या माळावर. संध्याकाळी आठ कमी. उसनी मेंढरे पहाटे आली आणि दिवसा परत गेली, हे यातून सरळ निघत होते. तर्क इतका नीट जमला होता की तो खोटा असावा, असे स्वतः बलभीमलाच मनापासून वाटत होते. धोंडप्पाला त्याने खांद्यावर घेऊन पोहायला शिकवले होते.

"दादा," धोंडप्पा म्हणाला, "एक मेंढरू बाहेरचं आनलं असंल तर माझा हात झडू दे. आन् न केलेल्या चोरीवर मी अंगठा उठवनार न्हाय. तुमी उठवा. मग आपली चूल येगळी."

"चूल येगळी करायला तुझ्या बायकूनं सांगितलं व्हय?"

वाघरीतल्या मेंढ्या ओरडतच राहिल्या.

*

इरम्मा थोरल्या दिराशी बोलत नसे. त्या घरात तशी रीत होती. सांगायचे ते जावेमार्फत सांगायचे. जाऊ, द्वारकाबाई, दोघांच्या मध्ये शेणाने हात भरलेली उभी होती.

"बाई," इरम्मा म्हणाली, "त्यांला सांगा, माझ्या बापाच्या मेंढरांचा उजवा कान चिरलेला असतो. आपल्यांचा डावा."

"ऐकलं व्हय?" द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाली.

"तिला म्हनावं, कान चिरायला किती येळ लागतो? डावा चिरला, झालं."

"ऐकलंस?"

"बाई, त्यांला सांगा, काल चिरलेला कान काल भरत न्हाय. जखम ओली दिसंल. आन् उजवा चिरलेला कान कसा सांधनार? सगळी मेंढरं आतच हायत. एकेकीचा कान बघा म्हनावं."

द्वारकाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "मी काय टपाल हाय का ग? तो तिथं, तू हितं. चार हातांवर उभी हायसा." मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "पर ती बरोबर बोलती. तुमी कान बघितले का, का नुसतं डोसक्यात मोजलं?"

बलभीमने बायकोकडे जरा चमकून पाहिले. बारा वर्षांत चार माणसांसमोर ती त्याच्या विरुद्ध प्रथमच बोलली होती. धाकट्या जावेशी तिचे फार सूत होते असेही नाही. मागच्या पावसाळ्यात घोंगडीच्या वाटणीवरून दोघी महिनाभर एकमेकींशी मुक्या होत्या. पण द्वारकाबाई रोज सकाळी त्या मेंढ्यांची धार काढत होती. परके मेंढरू कासेला हात लावू देत नाही. आणि काल एकीनेही लाथ मारली नव्हती, हे तिला त्या क्षणी आठवले होते.

"नागात्या, तुमी सांगा की," धोंडप्पा म्हणाला.

नागम्मा ही गुरुसिद्धप्पांची थोरली बहीण. निरोप गेल्यावर ती जळकोटहून सकाळच्या मोटारीने आली होती आणि येताच तिने मोटारीत उलटी झाल्याची तक्रार इतक्या विस्ताराने केली होती, की मूळ विषय अर्धा तास लांबला होता.

"म्या काय सांगू? गुरसिद्धाला इचारा. मोजतो तो."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिले. गुरुसिद्धप्पा जाळ्याच्या खुंटीला टेकून बसले होते.

"माझी मोजनी चुकत न्हाय," ते म्हणाले. "बाच्या मागं चाळीस वर्सं मोजतोय. एकशे सदुसष्ट."

इथे घरची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. मेंढ्या मोजायच्या त्या घरच्या कर्त्याने. दुसऱ्याने मोजल्या तर खांड बिघडते, असा समज होता. मुले मेंढ्या तोंडावरून ओळखत आणि कोण आले नाही ते न मोजता सांगत. आकडा एकट्या गुरुसिद्धप्पांकडे असे. डॉक्टरांनी काल मोजले तेव्हा ते पाठ फिरवून उभे राहिले होते.

*

वसंतराव सायकलवरून दहाला पाच मिनिटे कमी असताना आले. ते तुळजापूरच्या कारकुनी घराण्यातले. मुंबईला पशुवैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांना कोणत्याही विधानापुढे 'हे कशावरून?' असे विचारायची सवय लागली होती आणि तिचा उपद्रव त्यांच्या घरच्यांना सर्वांत जास्त होई. काल त्यांना या खांडाबद्दल शंका आली होती. आज त्यांना त्या शंकेबद्दलच शंका होती. उसनी मेंढी कळपात लगेच मिसळत नाही. ती कडेला राहते, तोंड वर करून हाका मारते. काल तसे काही त्यांना दिसले नव्हते.

"लिहून आणलंय का?"

"न्हाय साहेब," बलभीम म्हणाला. नजर भावजयीकडे न वळवता त्याने घसा साफ केला. "आदी कान बघा म्हंत्यात घरातली."

कान बघण्यात पाऊण तास गेला. धोंडप्पा एकेक मेंढी धरी, वसंतराव कान हातात घेऊन कड पाहत आणि पाठीवर गेरूचा ठिपका देत. एकशे पंच्याहत्तर डावे कान चिरलेले होते, म्हणजे कालची एकही मेंढी परत गेली नव्हती. ओली जखम एकाही कानाला नव्हती. उजवे कान अखंड होते.

"सगळ्या तुमच्याच आहेत," वसंतराव हात धूत म्हणाले.

धोंडप्पाने डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसले. बलभीम चिलीम शोधू लागला. ती त्याच्या पायाशीच होती.

"मग माझे आठ कुठं गेले?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "मी एकशे सदुसष्ट मोजतो. कमी मोजतो व्हय मी? डोळे गेले म्हना की."

वसंतरावांना अर्ज तिथेच मंजूर करता आला असता. पण अर्जातल्या आकड्याचे स्पष्टीकरण अहवालात लागणार होते, आणि 'अर्जदारास मोजता येत नाही' असे लिहिले असते तर वरच्या कचेरीने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की मग प्रत्येक मोजणीत तोच आकडा कसा येतो? चुकणारा माणूस कधी तीनने चुकतो, कधी बाराने. हे गृहस्थ रोज बरोबर आठने चुकत होते. ही चूक नव्हती. हा नियम होता; फक्त तो कोणता, ते माहीत नव्हते.

"गुरुसिद्धप्पा, पंधराच मेंढ्या सोडतो. तुम्ही मोजा, मीही मोजतो."

इरम्माने जाळ्याची कड उचलली. पंधरा मेंढ्या बाहेर आल्या.

"पंधरा," म्हातारा म्हणाला.

"पंधरा," डॉक्टर म्हणाले. "आता तीस."

गुरुसिद्धप्पा ओठांतल्या ओठांत पुटपुटत मोजत. वीस झाले की डाव्या मुठीतला एक खडा उजव्या मुठीत घेत. तीस मेंढ्या बाहेर पडल्या तेव्हा उजव्या मुठीत एक खडा होता.

"एक वीस आन् नऊ. एकोणतीस."

"तीस आहेत."

"एकोणतीस."

बलभीम पुढे सरकला. त्या तीस मेंढ्या त्याने डोळ्यांनी चाचपल्या आणि घरची रीत पहिल्यांदा मोडून बोटांवर मोजल्या. "आबा, तीस हायत."

"पन्नास सोडा," वसंतराव म्हणाले. म्हाताऱ्याने अठ्ठेचाळीस सांगितल्या.

विसाच्या आत फरक नाही. वीस ओलांडले की एक, चाळीस ओलांडले की दोन. वसंतरावांना वाटले, कारण सापडले: खडा या मुठीतून त्या मुठीत जाईपर्यंत एक मेंढी निसटत असावी. त्यांनी खडे द्वारकाबाईंच्या हाती दिले. म्हाताऱ्याने फक्त मोजायचे, वीस झाले की मान हलवायची. तीस मेंढ्या पुन्हा सोडल्या.

"एकोणतीस."

ते कारण गेले. वसंतरावांनी मातीतून तीस खडे वेचले आणि ओळीने मांडले. "हे मोजा."

गुरुसिद्धप्पांनी खड्यांवरून बोट फिरवले. "तीस."

"अवो, दगड बरोबर मोजतोय की!" नागम्मा म्हणाली. "मेंढरांनीच ह्याचं काय वाईट केलंय?"

द्वारकाबाई हसली. धोंडप्पाही हसला आणि लगेच गंभीर झाला, कारण बाप हसत नव्हता.

*

गुरुसिद्धप्पा खरोखर घाबरले होते. चाळीस वर्षे एका गोष्टीत आपल्याला कोणी आव्हान दिले नव्हते आणि आज सायकलवरून आलेल्या एका मुलग्याने तीस खडे मांडून ती गोष्ट काढून घेतली होती. डोळे गेले असतील तर खडे कसे दिसले? डोके गेले असेल तर पंधरा कसे जुळले? धाकट्यावर आलेला आळ आपल्या मोजणीमुळे आला, एवढे मात्र त्यांना स्पष्ट कळले होते.

"मामंजी," इरम्मा म्हणाली. सासऱ्याशी ती बोलत असे. "मोठ्यानं मोजा की. मनात नका मोजू."

"मोठ्यानं कशाला?"

"तुमी काय म्हंता ते ऐकू द्या आमाला. सात वर्सं नुसते ओठ हलताना बघते."

तिने जाळे उचलले. मेंढ्या एकेक करून निघाल्या. म्हातारा प्रथम अडखळला, मग त्याला लय सापडली. "...सतरा, अठरा, एकोनीस, वीस, बिरोबा, एक, दोन, तीन..."

"थांबा," वसंतराव म्हणाले. इरम्माने जाळे टाकले. "वीसनंतर काय म्हणालात?"

"एक."

"त्याच्या आधी."

"बिरोबा."

"बिरोबा म्हणजे किती?"

गुरुसिद्धप्पांनी डॉक्टरांकडे असे पाहिले, की एवढ्या शिकलेल्या माणसाने हे विचारावे याचे त्यांना वाईट वाटले असावे. "किती म्हंजे? देवाची ती. विसामागं एक देवाची. देवाची मेंढी मोजायची नसती."

"आणि खडे मोजताना?"

"खडे काय देवाचे हायत?"

वसंतरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. बलभीम पुन्हा दगडावर जाऊन बसला. घरात दिवसातून दोनदा मोजणी होत होती आणि त्या मोजणीतले, घरातल्या कोणीही न ऐकलेले ते एक नाव आत्ता माळावर सगळ्यांच्या समोर पडले होते.

"अगं बया," नागम्माने कपाळाला हात लावला. "ते अजून चाललंय व्हय रं तुझं? गुरसिद्धा, ते बानं गिरदावरासाठी केलं हुतं!"

मग तिने सांगितले. तिचे लग्न व्हायच्या आधी, निजामाच्या अमलात, चराईचा कर जनावरामागे होता. गिरदावर घोड्यावरून मोजायला येई. त्यांच्या बापाने त्याला पटवून दिले, की वीस मेंढ्यांमागे एक बिरोबाची असते, ती आमची नव्हे, तिच्यावर कर कसा घेता? गिरदावराने ऐकले. पुढे मोजणी तीच राहिली. बापाने मुलाला मोजायला शिकवले ते तसेच शिकवले. का, ते सांगितले नाही.

"म्हंजे देवाची न्हवं?" म्हाताऱ्याने विचारले.

"देवाचीच. पर कर चुकवायपुरती."

"अन् आता हे सरकार कर मागत न्हाय, पैसे देतंय," धोंडप्पा म्हणाला, "तर आमी आठ मेंढरं लपवूनच बसलोय!"

आता सगळेच हसले; बलभीम सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ. हसू ओसरल्यावर तो उठला, वाघरीच्या तोंडाशी गेला आणि दोन पावलांवर थांबला.

"तिला सांग," तो बायकोला म्हणाला, "माझं चुकलं."

"तुमीच सांगा. माझे हात शेणाचे हायत," द्वारकाबाई म्हणाली.

बलभीमने एकदा आभाळाकडे, एकदा मेंढ्यांकडे पाहिले. "इरम्मा, तुझ्या बापाला म्या चोर ठरवलं. चुकलं माझं."

इरम्माने पदर पुढे ओढला. "व्हय, चुकलंच," ती थेट त्याला म्हणाली. "आता मेंढरं सोडा, दुपार व्हाया आली."

गुरुसिद्धप्पांचे समाधान अजून झाले नव्हते. "साहेब, एकशे सदुसष्टच लिवा. देवाच्या मेंढीवर सरकारचा पैका घ्यायचा म्हंजे..."

"देवाची मेंढी पेंड खात न्हाय का?" नागम्मा म्हणाली. "लिवा हो साहेब."

वसंतराव सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहू लागले. धोंडप्पाने जाळे पुरते उचलले आणि उरलेले खांड एका लोंढ्याने माळावर पसरले. कोणी मोजले नाही. शेऱ्याच्या रकान्यात पुरेशी जागा नव्हती, म्हणून वसंतरावांनी समासातही लिहिले. मग बलभीमला त्यांनी ते वाचून दाखवले:

"खांडात मेंढ्या १७५. सर्वांचे कान तपासले. उसनी मेंढी एकही नाही. मदत १७५ मेंढ्यांवर मंजूर करावी. अर्जात १६७ हा आकडा येण्याचे कारण असे, की अर्जदार वीस मेंढ्या मोजल्यावर एकविसावी देवाची म्हणून न मोजता सोडतात आणि पुढची पुन्हा एक धरतात. एकशे पंच्याहत्तर मेंढ्यांत अशा आठ येतात."